विमानाचें अंतर आणि प्रवाशाचा वेळ

अंतरावरून काळ काढण्याचें गणित वाशीमला नवें नाहीं. सातव्या शतकांतील ज्योतिर्विद पहिले भास्कर यांनीं ‘महाभास्करीय’ ग्रंथांत लंका-उज्जयिनीच्या मध्यरेषेवरील स्थळांत वत्सगुल्माचें, म्हणजेच आजच्या वाशीमचें, नांव दिलें आहे. त्या रेषेपासून एखादें गांव पूर्वेस वा पश्चिमेस किती योजनें दूर आहे, यावरून तेथील वेळेचा फरक गणिती काढीत. आज विमानाच्या प्रवासाचा काळ काढतांना मात्र केवळ अंतर पुरत नाहीं.

नागपूर व मुंबई येथील विमानतळांमध्यें सरळ आकाशमार्गानें सुमारें ६८० किलोमीटर अंतर आहे. जेट विमानाचा उंचीवरील वेग ताशीं ८०० किलोमीटर धरला, तर भागाकारानें ५१ मिनिटें येतात. वेळापत्रकांत मात्र सुमारें दीड तास दिलेला असतो. याचें कारण असें कीं, विमान सर्व वेळ पूर्ण वेगानें जात नाहीं. धावपट्टीपर्यंत संथपणें जाणें, वर चढणें, उतरण्यापूर्वीं वेग कमी करणें, आणि मुंबईसारख्या गजबजलेल्या तळावर पाळीची वाट पाहाणें, यांत बराच काळ जातो. हिवाळ्यांत उंचावर पश्चिमेकडून वाहणारे वारे मुंबईकडे जाणाऱ्या विमानास अडवितात व परतणाऱ्यास पुढें लोटतात.

वाशीम जिल्ह्यांतील प्रवाशाचा हिशेब याहून निराळा आहे. जिल्ह्यांत प्रवासी विमानतळ नाहीं. अकोल्याजवळ शिवणी येथें धावपट्टी आहे. पण मोठ्या जेट विमानांस ती अपुरी पडते. नांदेडचा तळ जवळचा खरा. परंतु हव्या त्या दिवशीं विमान असेल तरच त्याचा उपयोग. एरव्हीं नागपूर गांठावें लागतें. वाशीमहून मुंबई सरळ रेषेंत सुमारें ४६० किलोमीटर पश्चिमेस आहे. प्रवासी मात्र प्रथम सुमारें २३० किलोमीटर पूर्वेस जातो आणि तेथून ६८० किलोमीटर उडतो. अंतर जवळजवळ दुप्पट होतें. नकाशावर नागपूर-मुंबई रेषा ओढली, तर ती कारंज्याच्या थोड्या उत्तरेकडून जाते. म्हणजे सोडलेल्या मुलखाजवळूनच त्याची परतवाट असते!

मोटारीचे साडेतीन तास, विमानतळावर अगोदर पोहोंचण्याचे दोन, उड्डाणाचा दीड आणि मुंबईंत मुक्कामीं जाण्याचा एक, असे आठ तास होतात. ७०१ किलोमीटरांचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्यें पूर्णपणें खुला झाला. तो याच जिल्ह्यांतील कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव तालुक्यांतून जातो. त्या वाटेनें निघालेली मोटार तितक्याच वेळांत, किंबहुना थोडी आधींही, मुंबईस पोहोंचूं शकते.

म्हणून मुंबईच्या रुग्णालयांत ठरल्या वेळीं पोहोंचावयाच्या रोग्यानें, किंवा मुलाखतीस निघालेल्या तरुणानें, तिकिटावरील दीड तासावर भिस्त ठेवूं नये. घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा काळ मोजावा, आणि मगच वाहन निवडावें.