दोन हजारांच्या अलीकडे

गाडी घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी कऱ्हाडच्या कोल्हापूर नाक्यावर माझी फजिती झाली. ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत समोरून गेला आणि त्याच्या मागे जायला वाट दिसली. माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जेमतेम सरकत होती. पेट्रोल गाडीच्या नऊ वर्षांच्या सवयीने मी पाय दाबला आणि काहीच झालं नाही. इंजिन चालू होतं, खालून घरघर येत होती, पण गाडी डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी ढिम्म. डावीकडून ट्रक येत होता. घाबरून मी पाय पार तळाला टेकवला. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, हॉर्न वाजवला, माझा यथेच्छ उद्धार केला आणि हे सगळं उरकल्यावर गाडीने अशी उसळी घेतली की थेट पुढच्या रिक्षाच्या मागे वीतभरावर जाऊन थांबली.

ते २०१२ साल होतं. डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे वीस-पंचवीस रुपयांनी स्वस्त होतं आणि माझं माहेर चिपळूणला. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट ओलांडायचा म्हटल्यावर हिशेब आपोआप जुळला. जुनी, पण चांगल्या हातातली टर्बो डिझेल गाडी घेतली. इंजिन फियाटच्या घराण्यातलं, १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. हे इंजिन त्या काळात फियाटच्या, मारुतीच्या, टाटांच्या अशा इतक्या गाड्यांत होतं की गाड्यांच्या मासिकांनी त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायला सुरुवात केली होती. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे होते: ४००० आरपीएमला ७५ अश्वशक्ती आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क. पहिला आकडा वाचून मी खूश झाले. गाडी चालवायला उपयोगी पडतो तो दुसरा, हे समजायला एक क्लच प्लेट जळावी लागली.

पेट्रोल गाडीची गोष्ट सरळ होती. पाय जेवढा दाबाल तेवढी ताकद आणि लगेच. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ती वाढत जायची. कमी वेगात जास्त गिअर पडला तरी गाडी कुरकुरत का होईना, पण पुढे जायची. टर्बो डिझेलमध्ये ताकद सगळीकडे सारखी पसरलेली नसते. माझ्या गाडीत आरपीएमचा काटा दीड हजाराच्या खाली असला की ते नुसतंच एक छोटं, जड, सुस्त इंजिन असायचं. १८०० च्या पुढे ती जागी व्हायची. २००० ते ३००० या पट्ट्यात तिच्यासारखी ओढणारी गाडी नाही. चार हजारांच्या पुढे फक्त आवाज वाढायचा, वेग नाही.

असं का, हे एकदा नीट कळलं की रागच येत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि मग तिच्यात डिझेलचा फवारा मारला की पेट घेतो. जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल, पण ते जळायला हवाही तेवढीच लागते. ती हवा कोंबण्याचं काम टर्बो करतो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन छोटी पंख्यांची चाकं. एका चाकाला इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर फिरवतो आणि त्या जोरावर दुसरं चाक बाहेरची हवा आत ढकलतं. फुकट जाणाऱ्या धुराला कामाला लावायच्या या युक्तीचं पेटंट आल्फ्रेड ब्यूकी या स्विस अभियंत्याने १९०५ सालीच घेतलं होतं. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. पण त्याला फिरवायला धूर हवा, धुरासाठी डिझेल जळायला हवं आणि डिझेल जळायला हवा हवी. म्हणजे उधारीवर सुरू होणारं दुकान. इंजिन हळू फिरत असलं की धूर थोडा, म्हणून पंखा मंद, म्हणून हवा कमी, म्हणून डिझेलही इंजिनाचा संगणक बेतानेच सोडतो. तुम्ही पाय दाबता आणि हे चक्र गती घेईपर्यंत एक-दोन सेकंद जातात. कोल्हापूर नाक्यावर तीच दोन सेकंदं मला ट्रकवाल्याची भाषा शिकवून गेली.

या गाडीचा खरा गुरू मला शेजारी मिळाला. तात्या एसटीतून निवृत्त झालेले चालक. आयुष्य घाटात गेलेलं. एका रविवारी ते चिपळूणपर्यंत सोबत यायला तयार झाले. जाताना काही बोलले नाहीत. परतीला पोफळी मागे पडली, चढ सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायला लागली. मी नेहमीचा उपाय केला, म्हणजे अर्धा क्लच दाबून इंजिन रेस केलं. तात्यांनी नाक उडवलं. "वहिनी, वास आला का? ती क्लच प्लेट जळतीय. अवो, पाय कशाला दाबताय, गिअर बदला की."

"बदलेन, पण वळण झाल्यावर."

"वळण झाल्यावर काय उपेग? गाडी रडायच्या आधी खालचा गिअर टाकायचा आस्तोय. रडायला लागली की मग ती ऐकत न्हाई."

या एका वाक्यात माझा अर्धा अभ्यासक्रम होता. कुंभार्लीच्या अगदी आखूड वळणावर गाडीचा वेग ताशी वीसच्या आसपास येतो. माझ्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये त्या वेगाला काटा चौदाशेच्या आसपास, म्हणजे नेमका दीड हजाराखालच्या सुस्तीच्या खड्ड्यात. मग दोनच वाटा. वळणात शिरतानाच थोडा जास्त वेग राखून दुसऱ्यात काटा सतराशे-अठराशेच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर वळणाच्या तोंडाशीच निमूटपणे पहिला टाकायचा. पेट्रोल गाडीत चालती असताना पहिला गिअर टाकणं मला कमीपणाचं वाटायचं. इथे त्याला पर्याय नव्हता. समोरून भरलेला ट्रक वळण कापत येत असला की थांबावंच लागतं. मग पुन्हा निघताना हँडब्रेक, पहिला गिअर, आधी थोडी रेस, गाडी ओढायला लागलीय हे पाठीला कळलं की ब्रेक सोडायचा. पेट्रोलमध्ये क्लच सोडता सोडता रेस देता यायची. इथे रेस आधी. उशीर केला की इंजिन गप्प बसतं आणि मागच्या जीपवाल्याचा दिवा आपल्या काचेत मोठा होत जातो.

तात्यांच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये आरपीएमचा काटा नव्हताच, निदान चालणारा नव्हता. ते कानाने चालवत. मलाही त्यांनी काट्यावर हात ठेवून सांगितलं, "हिकडं बघू नका, ऐका." दीड हजाराच्या खाली इंजिनाची घरघर दाट असते, स्टिअरिंगला कंप येतो. मग आवाज मोकळा होतो. त्याच्यावर एक बारीक शीळ चढते, काच खाली असेल तर डोंगराच्या भिंतीवरून ती परत येते. ती शीळ म्हणजे टर्बो. ऐकू आली की पुढच्या क्षणी पाठ सीटला टेकणार हे समजायचं. हळूहळू मला गिअर वर टाकतानाही तोच कान लागला. नव्याने घेतलेली गाडी म्हणून मायेने दोन हजारालाच गिअर वर टाकत होते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम जवळजवळ निम्म्यावर येतात, म्हणजे मी प्रत्येक वेळी तिला स्वतःच्या हाताने खड्ड्यात ढकलत होते. पहिला तीन हजारांपर्यंत ओढून दुसरा टाकला, तर ती उतरते सोळाशेच्या आसपास आणि लगेच चालू लागते. वरच्या गिअरांमध्ये अंतर कमी, तिथे अडीच-पावणेतीन हजार पुरतात. ॲव्हरेज कमी होईल ही भीती खोटी निघाली. उलट वरच्या गिअरमध्ये काटा हजार-बाराशेवर ठेवून पाय तळाला दाबणं हेच इंजिनाला सगळ्यात जाचक. प्रत्येक फेऱ्याला पिस्टनवर मोठा दाब आणि त्या कंपांची किंमत बेअरिंगं आणि फ्लायव्हील मोजतात.

मात्र ताकद उशिरा येते यापेक्षा ती एकदम येते, हे जास्त धोक्याचं. हे जुलैमध्ये शिकले. पाऊस, धुकं, रस्त्यावर लाल मातीचा ओघळ. डावं वळण चढाचं, मी दुसऱ्यात, आणि शिकवल्याप्रमाणे पाय आधीच दाबलेला. पण अंमळ जास्त दाबलेला. वळणाच्या मध्यावर शीळ आली, सगळा टॉर्क एकदम पुढच्या चाकांवर उतरला आणि आतलं चाक ओल्या डांबरावर नुसतंच फिरलं. स्टिअरिंग हलकं झालं. गाडी वळायची सोडून सरळ निघाली, समोरच्या कठड्याकडे. मी पाय काढला, तेवढ्यात चाकाने पकड घेतली. पुढच्या सपाट जागेवर मी गाडी उभी केली आणि बराच वेळ वायपर बघत बसले. तेव्हापासून ओल्यात मी एक गिअर वरचा ठेवते, पाय वळण सरळ होताना दाबते आणि टर्बोला वळणाच्या पोटात कधीच बोलवत नाही. त्याने यायचं ते स्टिअरिंग सरळ झाल्यावर.

उतारावरचा एक गैरसमज सांगायलाच हवा, कारण आमच्या भागात तो घरोघरी आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, डिझेल वाचतं. वाचत नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर सोडला की या इंजिनांचा संगणक डिझेलचा फवारा बंदच करतो, इंजिनाला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जागं ठेवायला त्याला डिझेल जाळावं लागतं. वर ब्रेक तापतात ते वेगळंच. ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरायचं, हा एसटीचा जुना नियम या संगणकवाल्या गाडीलाही तंतोतंत लागू पडतो.

सपाटीवरची परीक्षा उसाच्या हंगामात. पाटणच्या रस्त्यावर नोव्हेंबरपासून ट्रॅक्टरच्या रांगा असतात, दोन-दोन ट्रॉल्यांच्या. पहिल्या वर्षी मी अगदी मागे चिकटून राहायचे आणि समोरून रस्ता मोकळा दिसला की चौथ्यातच बाहेर काढून पाय दाबायचे. गाडी ट्रॉलीच्या बरोबरीने चालत राहायची, ऊस हाताला लागेल इतक्या जवळ, आणि समोरून काहीतरी यायचंच. आता मी दोन गाड्यांचं अंतर मागे राहते. रस्ता मोकळा होणार असं दिसायला लागलं, झालेला नाही, होणार असं, की तिसरा टाकते आणि आपल्याच लेनमध्ये थोडी रेस देते. काटा दोन हजारांवर येतो. तोवर समोरून येणारी शेवटची गाडी निघून गेलेली असते आणि मी बाहेर निघते तेव्हा टर्बो आधीच कामावर हजर असतो. समोरून कुणी आलंच तर पाय सोडायचा, गेलं काय? थोडंसं डिझेल.

नंतरच्या डिझेल गाड्यांनी हा खड्डा बराच बुजवला. याच इंजिनाची ९० अश्वशक्तीची आवृत्ती आली. तिच्या टर्बोत धुराची वाट अरुंद-रुंद करणाऱ्या पात्या असतात, त्यामुळे थोड्या धुरावरही पंखा लवकर उठतो. भावाची तशी गाडी मी चालवून पाहिली. छान होती. जरा अळणी वाटली, खरं सांगायचं तर. एप्रिल २०२० पासून बीएस सहाचे नियम आले. त्यांच्यासाठी लहान डिझेल इंजिन सुधारणं परवडेना, तेव्हा आमचं राष्ट्रीय इंजिनही गेलं.

शेवटची सवय तात्यांनी लावली ती गाडी बंद करण्याची. घाट चढून हेळवाकला चहाला थांबलो की मी लगेच किल्ली फिरवायचे. ते हात धरायचे. "वाईच दम खाऊ द्या तिला." कारण सरळ आहे. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. इंजिन बंद झालं की तेलाचा पंपही थांबतो आणि धुराने तापलेल्या त्या घरात उरलेलं तेल करपतं. मिनिटभर रिकामं चालू ठेवलं की तेच तेल उष्णता घेऊन निघून जातं. शेवटचा किलोमीटर सावकाश आलात तर त्याचीही गरज नाही. पण तात्यांना हे पटत नसे, मिनिट म्हणजे मिनिट. चहावाला दोन कप भरून काचेपाशी घेऊन यायचा, आम्ही आत बसलेले, इंजिन आपलं घरघरत.

मागच्या दिवाळीत भाच्याने त्याची नवी इलेक्ट्रिक गाडी माझ्या हातात दिली. चिपळूणच्या गल्लीतून निघाले, कोपरा आला, आणि पायाने बारा वर्षांच्या सवयीने आधीच मागणी नोंदवली. तिने तत्क्षणी पुरवली. गाडी बाणासारखी सुटून एका अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या हातभर अलीकडे थांबली. बाकीचा रस्ता मी गाडी पाय जपून, अंड्यांवरून चालल्यासारखी चालवली. घरी आल्यावर गाडी लावली आणि तशीच बसून राहिले.

"मावशी, कशाला थांबलीयस?"

"थोडा दम खाऊ दे तिला."

"अगं, ती कधीचीच बंद आहे."