पोलिसांनी परत केलेलं पिस्तूल

ओहायोतल्या बंदुकांच्या दुकानात काचेच्या कपाटाचा खालचा कप्पा बहुधा जुन्या मालाचा असतो. वर नवी, काळी, पॉलिमर फ्रेमची पिस्तुलं. खाली पोलीस खात्यांनी परत केलेली, राखाडी स्टीलची, कडा घासून उजळलेली. एखाद्यावर खात्याचा क्रमांक कोरलेला. बहुतेक गिऱ्हाइकं वरच्या कप्प्यासाठी येतात. मी खाली वाकतो, कारण तिथे अधूनमधून स्मिथ अँड वेसनचं ५९०६ मिळतं आणि रेंजवर नेम धरायला त्याच्याइतकं शांत पिस्तूल माझ्या हाताला दुसरं मिळालेलं नाही. रिकामं असतानाच ते किलोच्या वर भरतं. गोळी सुटल्यावरचा धक्का हे वजन खाऊन टाकतं, आणि नळीचं तोंड लगेच पुन्हा निशाण्यावर येतं.

या पिस्तुलाची कुंडली त्याच्या चार आकड्यांत आहे. ५९ म्हणजे नऊ मिलिमीटर आणि दोन रांगांचं मॅगझिन, ० म्हणजे पूर्ण आकार, ६ म्हणजे फ्रेम आणि स्लाइड दोन्ही स्टेनलेस स्टीलची. शेवटचा आकडा ३ किंवा ४ असेल तर फ्रेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. घराणं जुनं आहे. १९५०च्या दशकात मॉडेल ३९ आलं, १९६७ साली इलिनॉय राज्य पोलिसांनी ते स्वीकारलं, १९७१ साली दोन रांगांच्या मॅगझिनचं मॉडेल ५९ निघालं, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याची तिसरी पिढी बाजारात आली. वेळ अगदी नेमकी साधली गेली होती. एप्रिल १९८६मध्ये मायामीत एफबीआयची बँक लुटारूंशी चकमक झाली आणि तीत दोन एजंट मारले गेले. सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर पुरत नाही, ही भावना त्यानंतर देशभरच्या पोलीस खात्यांत घट्ट झाली आणि सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलांची खरेदी सुरू झाली. मग ग्लॉक आलं, हलकं आणि स्वस्त. खात्यांनी नवी पिस्तुलं घेताना जुनी मोबदल्यात देऊन टाकली. खालच्या कप्प्यात येऊन पडलाय तो हा माल.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही विपुलता नवलाची वाटेल. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळाला तरी नऊ मिलिमीटर सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर आहे, म्हणून लोक .३२कडे वळतात. ऐंशीच्या दशकापासून खासगी आयातीची वाट जवळपास बंद झाल्यामुळे जुन्या विलायती वेब्ली अँड स्कॉटला लाखांत किंमत येते. माल दुर्मीळ असला की खरेदीदार दोष पाहूनही गप्प बसतो, कारण हे सोडलं तर दुसरं कुठून मिळणार? इथे तसं नाही. आज नापसंत केलं तर पुढच्या महिन्यात दुसरं येईल. म्हणूनच इथे तपासणी शांतपणे करता येते आणि ती तशीच करायला हवी.

काउंटरवर पिस्तूल मागताना काही रीती पाळाव्या लागतात. विक्रेता आधी मॅगझिन काढतो, स्लाइड मागे ओढून अडकवतो, चेंबर रिकामं असल्याचं स्वतः पाहतो आणि मगच पिस्तूल पुढे करतो. हातात आल्यावर मीही तेच करतो. नुसत्या डोळ्यांनी भागत नाही, करंगळी चेंबरमध्ये घालून पाहतो. त्याने आत्ताच तपासलं होतं, हे मी पाहिलेलं असतं, तरीसुद्धा. नळीचं तोंड माणसांकडे वळू द्यायचं नाही. चाप ओढायचा असेल किंवा पिस्तूल खोलायचं असेल तर आधी विचारायचं. विचारणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल दुकानदाराचं मत तिथल्या तिथे बदलतं. मी जातो त्या दुकानातला म्हातारा कारागीर अशा वेळी काही न बोलता काउंटरवर रबरी चटई अंथरतो आणि छोटी विजेरी तिच्यावर ठेवतो.

पहिली नजर बाहेरून. स्टेनलेसवर निळसर मुलामा नसतो, त्यामुळे तो उडालेला दिसण्याचा प्रश्न नाही. पण चामड्याच्या किंवा प्लास्टिकच्या म्यानात रोज आत-बाहेर केल्याचे माग स्लाइडच्या पुढच्या कडांवर, नळीच्या तोंडापाशी आणि सेफ्टीच्या खटक्यावर राहतात. गाडीच्या दाराला, सीटबेल्टच्या कडीला घासून मुठीची एक बाजू खरबरीत झालेली असते. नवख्या गिऱ्हाइकाला हे पाहून वाईट वाटतं. मला बरं वाटतं. साध्या गस्तीवरचा पोलीस पिस्तूल वर्षानुवर्षं कमरेला वागवतो आणि झाडतो मुख्यतः पात्रता चाचणीच्या वेळी, वर्षातून मोजक्या वेळा. बाहेरून विटलेलं आणि आतून जवळजवळ कोरं असं पिस्तूल या मालात मिळतं ते यामुळेच. उलट प्रशिक्षण केंद्रातलं पिस्तूल पेटीत राहून बाहेरून नीटनेटकं दिसू शकतं, आणि आत त्याने हजारो गोळ्या सोसलेल्या असतात. वरची चमक पाहून भाव ठरवणारा हमखास फसतो.

बाहेरची मला खटकणारी गोष्ट वेगळीच असते. लहान पिनांच्या भोवती चकचकीत ठोके दिसले, की कुणीतरी घरच्या हातोडीने आणि चुकीच्या पंचने आतली यंत्रणा खोलली आहे हे कळतं. नळीच्या मागच्या टोकाला गोळी ज्या उतरणीवरून वर चढते ती गरगर फिरणाऱ्या हत्याराने घासून ‘गुळगुळीत’ केलेली असेल, तर मी पिस्तूल तिथेच परत देतो. वापराने धातू झिजतो तो ठरावीक जागी, ठरावीक दिशेने, आणि ती झीज वाचता येते. हौशी माणसाच्या हातून धातू कुठे आणि किती गेला ते मोजता येत नाही.

मग खोलायचं. मॅगझिन बाहेर, स्लाइड थोडी मागे ओढून तिची खाच स्लाइड-स्टॉपच्या समोर आणायची, उजवीकडून पिन दाबायची, डावीकडून स्लाइड-स्टॉप बाहेर येतो आणि सगळी स्लाइड पुढे निघते. स्प्रिंग, तिची दांडी, नळी. इतकंच. परत जोडताना फ्रेममधले तीन छोटे खटके बोटाने खाली दाबून धरावे लागतात, नाहीतर स्लाइड अडते. त्या वेळी जोर लावला तर नुकसान नक्की. विक्रेताच स्लाइड ठोकून बसवताना दिसला, तर त्या दुकानातल्या बाकीच्या मालाबद्दलही मी सावध होतो.

नळी हातात घेऊन मागून विजेरी धरायची आणि पुढून पाहायचं. पिळाच्या खाचांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. काळपट थर असेल तर कापडाची चिंधी मागावी. घाणीखाली गंजाचे खड्डे लपतात. सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते एखाद्या गडद कड्याकडे. आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेली, की नळी त्या जागी कणभर फुगते आणि आतून गोल सावली दिसते. मग बाहेरून बोट फिरवलं तर फुगवटा हाताला लागतोही. अशी नळी बदलायचीच, आणि बंद झालेल्या मॉडेलची नळी शोधणं म्हणजे नवं काम अंगावर घेणं.

नळीनंतर स्लाइड आणि फ्रेम एकमेकींवर धावतात ते रूळ. धातूच्या फ्रेमचं जुनं पिस्तूल आणि पॉलिमरचं पिस्तूल यांतला फरक इथे कळतो. पॉलिमरच्या फ्रेममध्ये धातूचे छोटे तुकडे बसवलेले असतात आणि स्लाइड त्यांवर चालते. इथे मात्र रूळ फ्रेममधूनच कोरलेले, लांबलचक, आणि दर फैरीची नोंद त्यांच्यावर उरलेली. स्टेनलेसवर स्टेनलेस घासला जातो तेव्हा तेल नसेल तर धातू धातूला चिकटतो आणि खरवडून निघतो. गुळगुळीत, आरशासारखा पट्टा असेल तर चिंता नाही. नखाला अडणारे ओरखडे, उचकटलेली कड, रुळाच्या टोकाशी केसाएवढी रेघ दिसली तर थांबायचं. तडा शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: रुळांची टोकं, स्लाइड-स्टॉपच्या पिनेचं भोक, रिकामी पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीचे कोपरे. तेल पुसून घ्यावं, विजेरी तिरपी धरावी. तडा असेल तर पुसलेलं तेल त्यातून पुन्हा झिरपून बारीक रेघ उमटते.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमचं, म्हणजे ५९०३ किंवा ५९०४ असेल, तर इथे दुप्पट वेळ द्यावा. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या खाली राहिला तर ते जवळजवळ अमर्याद धक्के सोसतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही, त्याच्यात लहान धक्क्यांचाही थकवा साचत राहतो. त्यावर कडक ॲनोडायझिंगचा पातळ थर असतो. तो घासून पांढरा धातू दिसू लागणं नेहमीचं आहे. पण तो धातू खणला जाऊ लागला असेल तर पुढची झीज भराभर होते.

आता यंत्रणा. पिस्तूल जोडून पुन्हा रिकामं असल्याची खात्री केली, की मॅगझिन न घालता घोडा मागे चढवून चाप ओढायचा. मूळ रचनेत मॅगझिनशिवाय घोडा पडत नाही. पडला, तर ती अडकण कुणीतरी काढून टाकली आहे. काही खात्यांनी ती मुद्दाम काढली होती, पण मालकाला हे माहीत असायलाच हवं. रिकामं मॅगझिन घालून पुन्हा. घोडा खाली असताना चाप लांब आणि जड, चढवलेला असताना आखूड आणि हलका. घोडा चढवून अंगठ्याने मागून पुढे मध्यम जोराने ढकलायचा. घसरला तर पिस्तूल असुरक्षित, मग किंमत काहीही असो.

पुढची चाचणी पेन्सिलीची. तो कारागीर पिस्तुलाचं तोंड वर करून खोडरबर असलेली पेन्सिल रबराच्या बाजूने नळीत सोडतो, सेफ्टीचा खटका खाली ओढतो. घोडा दाणकन पडतो आणि पेन्सिल जागची हलत नाही. सेफ्टीने फायरिंग पिन अडवून धरली आहे, हे यातून कळतं. मग खटका वर करून चाप ओढतो आणि पेन्सिल नळीतून हवेत उडते. पिन अखंड आहे, स्प्रिंगला जोर आहे. पहिल्या वेळी पेन्सिल हलली असती, तर घोडा उतरवताना कधीतरी खरी गोळी सुटली असती. सगळ्या तपासणीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि त्याला एक पेन्सिल पुरते.

रात्री दिसणाऱ्या साइट्सबद्दल विक्रेते उत्साहाने बोलतात. त्यांतल्या ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं. तीस वर्षांनी मूळ उजेडाचा पाचवा हिस्साही उरत नाही. त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. मॅगझिनसाठी मात्र द्यावेत. काही मॅगझिनवर फक्त पोलिसांच्या वापरासाठी असल्याची सूचना कोरलेली दिसते. १९९४ ते २००४ या काळात दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन नागरिकांना विकायला केंद्रीय कायद्याने बंदी होती, तिची ही खूण. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांत दहाची मर्यादा आजही आहे, त्यामुळे तिथे राहणाऱ्या मित्रासाठी हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही.

मॉडेल बदललं की प्रश्नही बदलतात. चेक बनावटीच्या सीझेड ७५मध्ये स्लाइड फ्रेमच्या आतून धावते आणि तिथे आधी स्लाइड-स्टॉपची पिन पाहावी, कारण तुटते ती तीच. बेरेटा ९२ची फ्रेम ॲल्युमिनियमची, आणि तिच्यात लॉकिंग ब्लॉकचे कान तपासायचे. एका पिस्तुलाची यादी दुसऱ्याला चिकटवून चालत नाही.

पसंती झाली की कागद. फॉर्म ४४७३ भरायचा. त्यातला पहिला गंभीर प्रश्न असा, की हे पिस्तूल तुम्ही खरंच स्वतःसाठी घेताय का. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी, स्वतःच्या नावावर घेणं हा केंद्रीय गुन्हा आहे. आपल्या मंडळींसाठी दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे: एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगण्यालाच मनाई आहे. ग्रीन कार्डधारकाला ती घेता येते. मित्रांच्या घोळक्यात रेंजवर जायचा बेत आखताना हे कुणी सांगत नाही, आणि चुकीची किंमत व्हिसापर्यंत जाते. मग विक्रेता एफबीआयच्या यंत्रणेकडे विचारणा करतो आणि मंजूर, विलंब किंवा नकार असं उत्तर येतं. हँडगनसाठी परवानाधारक दुकानात वयाची अट एकवीस. घरी लहान मुलं असतील तर कुलपाची पेटी त्याच दिवशी, पिस्तुलाबरोबरच घ्यावी. काडतुसं वेगळ्या कुलपात.

रेंजवर पहिल्या दिवशी मी लक्ष्यापेक्षा खाली पडलेल्या पुंगळ्याच जास्त पाहतो. प्राइमरवर पिनेचा ठोका मध्यभागी हवा. पुंगळीच्या पोटाला फुगवटा नको. पुंगळ्या फार लांब फेकल्या जात असतील तर रिकॉइल स्प्रिंग दमली आहे. ती नवी मिळते, स्वस्त असते आणि मी ती तशीही बदलतोच, कारण आधीच्या मालकाने कधी बदलली याचा हिशेब कुणाकडेच नसतो. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने क्रमांक टाकून ठेवतो. सोबत मिळालेल्या मॅगझिनांपैकी एकात शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे अडकत नव्हती. इतर मॅगझिन नीट चालत होती, म्हणजे दोष पिस्तुलात नव्हता. त्या मॅगझिनची स्प्रिंग बदलली, तरी अडेना. ते बाजूला ठेवलं आणि मेक-गार या इटालियन कंपनीचं नवं मागवलं.