काळं म्हणजे पाणी?

ढगांतून आणि अंधारातून आरपार पाहणारा उपग्रह, अशी रडारची ओळख करून दिली जाते आणि ती खोटी नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला तेव्हा वर पावसाळी ढग दाटलेले होते. अशा वेळी साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला दिसतात ते फक्त ढगांचे माथे. घोळ होतो तो ‘पाहणारा’ या शब्दापाशी. रडारचं चित्र म्हणजे फोटोच, फक्त काळापांढरा, असा समज त्यातून होतो. मग विद्यार्थी विषयांची वाटणी करून मोकळे होतात: सिग्नल प्रोसेसिंग आणि वायरलेस ईएनटीसीवाल्यांचं (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), रिमोट सेन्सिंग भूगोल-सिव्हिलवाल्यांचं. गणित तिकडे, नकाशे इकडे. रडारच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही.

युरोपचा सेंटिनेल-1 हा रडार उपग्रह घ्या. उंची 693 किलोमीटर, अँटेना 12.3 मीटर लांब, तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटर. तो तिरका बघतो, म्हणून जमीन त्याच्यापासून साधारण 850 किलोमीटर दूर धरू. तरंगलांबीला अंतराने गुणून अँटेनाच्या लांबीने भागा: उपग्रहाच्या वाटेच्या दिशेने जमिनीवरचा झोत जवळपास 4 किलोमीटर भरतो. म्हणजे अख्खं गाव शिवारासकट एका ठिपक्यात! तरीही हा उपग्रह सुमारे 5 मीटरचा तपशील देऊ शकतो. तो सरळ मार्गाने मिळवायचा तर अँटेना 9 किलोमीटरहून लांब लागली असती. ही लांबी उपग्रह आपल्या वाटचालीतून कमावतो. पुढे सरकताना एकाच जागेवरून आलेले असंख्य प्रतिध्वनी तो नोंदवतो, आणि उपग्रहाच्या गतीमुळे (डॉप्लर परिणाम) त्यांच्या वारंवारितेत पडलेला बारीक फरक वापरून संगणक ते एकत्र जुळवतो. गुडइयर एअरक्राफ्टमधल्या कार्ल वायली यांना ही कल्पना 1951 मध्ये सुचली. उपग्रहाकडून जमिनीवर येते ती नुसती खरखर. चित्र नंतर गणिताने घडवलं जातं.

हेच गणित खिशातल्या फोनमध्येही चालतं. फोर-जीच्या 20 मेगाहर्ट्झ पट्ट्यात 2048 बिंदूंचं फूरिए रूपांतर, म्हणजे सिग्नलमधल्या वारंवारिता वेगळ्या काढण्याचं गणित, लागतं. सरळ पद्धतीने त्याला सुमारे 42 लाख गुणाकार लागतील. कूली आणि ट्युकी यांनी 1965 मध्ये मांडलेल्या जलद रीतीने ते साधारण 11 हजारांत उरकतात. रडारचे प्रतिध्वनी जुळवणारी संगणकप्रणाली त्याच रीतीवर उभी आहे. अभ्यासक्रमात हे तीन वेगळे पेपर दिसतात, ते परीक्षेच्या सोयीसाठी.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की युरोपीय अवकाश संस्थेचं स्नॅप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बटण दाबलं की चित्र तयार. मग डोकेफोड कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. पूरनकाशा काढणाऱ्या प्रत्येकाने डॉप्लरची समीकरणं हाताने सोडवावीत, असं कुणी म्हणणार नाही. पण बटणामागे निर्णय दडलेले असतात. चित्रावर जो रवाळपणा दिसतो तो यंत्राचा दोष नव्हे. एकाच ठिपक्यातल्या दगडांवरून, पानांवरून, ढेकळांवरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींत मिसळून वाढतात, कुठे एकमेकींना मारतात. त्याचा तो परिणाम. चार स्वतंत्र नोंदींची सरासरी घेतली तर रवाळपणा निम्म्यावर येतो, पण बदल्यात तपशील गमवावा लागतो. अरुंद ओढा शोधायचा असेल तर हा सौदा महागात पडतो, आणि ते सॉफ्टवेअर सांगत नाही.

त्याहून फसवा प्रकार रंगाचा. शांत पाणी आरशासारखं लहरीला पलीकडे परतवतं, म्हणून काळं दिसतं. पण विमानतळाची गुळगुळीत धावपट्टीही काळी दिसते, आणि सह्याद्रीच्या कड्यामागे जिथे लहर पोचतच नाही तो भागही काळाच. उलट वाऱ्याने खवळलेलं पाणी उजळतं, आणि पाण्यात उभ्या झाडीत लहर पाण्यावरून बुंध्यावर आदळून माघारी आली तर पुराचा भाग कोरड्या रानापेक्षाही लख्ख दिसतो. ‘काळं ते पाणी’ हे सूत्र पाठ केलेला नकाशाकार धावपट्टी बुडवेल आणि बुडालेली झाडी कोरडी ठेवेल.

30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार उपग्रहाने तर प्रश्न आणखी पुढे नेला आहे. नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड अशी दोन रडार एकाच उपग्रहावर असून तो दर 12 दिवसांनी त्याच वाटेवर परततो. दोन फेऱ्यांतल्या लहरींची कला (फेज) ताडून जमीन किती खचली ते काढता येतं. एल-बँडची तरंगलांबी सुमारे 24 सेंटिमीटर, आणि लहर जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापते. म्हणून जमीन उपग्रहाच्या दिशेने 12 सेंटिमीटर हलली की कलेतला फरक दाखवणाऱ्या रंगपट्ट्यांचं एक पूर्ण चक्र होतं, आणि 24 सेंटिमीटर हलली तरी शेवटी रंग तोच येतो. मधली चक्रं मोजूनच खरा आकडा हाती येतो.