बोहेमियन ऱ्हॅप्सडी (ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत)

बोहेमियन ऱ्हॅप्सडी हे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे गीत असून ते ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी सिंगल म्हणून प्रकाशित झाले. अ नाइट ॲट द ऑपेरा या अल्बममध्येही ते समाविष्ट आहे. गीताचे शब्द आणि संगीत बँडचे प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे आहे. ५ मिनिटे ५५ सेकंद लांबीचे हे गीत ध्वनिमुद्रणतंत्राच्या मर्यादेपर्यंत जाऊन घडवलेली रचना म्हणून, तसेच त्यासोबत तयार झालेल्या चित्रफितीमुळे रॉक संगीताच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

क्वीनची स्थापना १९७० साली लंडनमध्ये झाली. मर्क्युरी (गायन, पियानो), ब्रायन मे (गिटार) आणि रॉजर टेलर (ड्रम) यांना १९७१ मध्ये जॉन डीकन (बेस गिटार) येऊन मिळाले.

मर्क्युरी यांचे मूळ नाव फारोख बलसारा. त्यांचा जन्म १९४६ साली झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे सेंट पीटर्स या निवासी शाळेत झाले. तेथे ते पियानो शिकले आणि शाळकरी मित्रांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये वाजवू लागले. १९६४ साली त्यांचे कुटुंब इंग्लंडला स्थलांतरित झाले.

रचना

पाश्चात्त्य संगीतात ऱ्हॅप्सडी म्हणजे ठरीव साच्यात न बसणारी, भिन्न भाववृत्तींचे खंड एकामागून एक गुंफणारी रचना. हे गीतही त्याच पद्धतीने पुढे सरकते. वाद्यांच्या साथीविना समूहगायन, पियानोच्या साथीने गायलेले संथ गीत, गिटारचे एकलवादन, ऑपेराच्या धर्तीवरील बहुस्वरी खंड, आक्रमक रॉक आणि अखेरचा शांत भाग असा त्याचा क्रम आहे. लोकप्रिय गीतांत धृपद फिरून फिरून येते, तसे येथे नाही. एका तरुणाच्या हातून हत्या घडते आणि तो आईजवळ त्याची कबुली देतो, एवढे कथासूत्र शब्दांतून कळते. गीताचा अर्थ स्पष्ट करण्याचे मर्क्युरी यांनी नेहमीच टाळले.

ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रणास ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत प्रारंभ झाला. त्यानंतरचे काम लंडनमधील अनेक स्टुडिओंत झाले. निर्मिती रॉय टॉमस बेकर आणि क्वीन यांची होती. ऑपेरासदृश खंडाला सुमारे तीन आठवडे लागले. त्या काळात एक संपूर्ण अल्बमही एवढ्या अवधीत ध्वनिमुद्रित होत असे.

त्या वेळी उपलब्ध असलेल्या चुंबकीय फितीवर २४ समांतर पट्ट्या असत आणि प्रत्येक पट्टीवर एक आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करता येई. या खंडातील गायकवृंद भव्य वाटत असला, तरी गाणारे तिघेच होते. मे खालच्या, मर्क्युरी मधल्या आणि टेलर वरच्या पट्टीत गात. तेच स्वर पुनःपुन्हा गाऊन एकावर एक चढवले जात. सर्व पट्ट्या भरल्या की त्यांचे मिश्रण करून ते एक-दोन पट्ट्यांवर उतरवले जाई आणि मोकळ्या झालेल्या जागेत आणखी स्वरांची भर पडे. अशा प्रकारे जवळपास १८० थर रचले गेले.

या पद्धतीत धोकाही होता. नक्कल करताना प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढते आणि आवाजाची स्पष्टता घटते. शिवाय एकदा मिश्रण केलेले आवाज पुन्हा सुटे करता येत नाहीत. त्यामुळे कोणता आवाज किती ठेवायचा, हे प्रत्येक टप्प्यावर कायमचे ठरवावे लागे. वारंवार यंत्रावरून फिरल्याने फितीवरील चुंबकीय लेप इतका झिजला, की ती प्रकाशासमोर धरल्यास आरपार दिसे, अशी आठवण मे यांनी सांगितली आहे.

प्रकाशन

त्या काळी सिंगल साधारणतः तीन मिनिटांचे असे. एवढे लांब गीत आकाशवाणी केंद्रे वाजवणार नाहीत, अशी शंका ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीत व्यक्त झाली. परंतु गीताची काटछाट करण्यास बँडने नकार दिला. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट यांनी प्रकाशनापूर्वीच दोन दिवसांत ते १४ वेळा वाजवले आणि त्याची मागणी वाढली. पुढे ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत ते सलग नऊ आठवडे प्रथम क्रमांकावर राहिले. त्यानंतर ते स्थान ॲबा या स्वीडिश बँडच्या ‘मम्मा मिया’ या गीताने घेतले. योगायोग असा की, क्वीनच्या या गीतातही ‘मम्मा मिया’ हा उद्गार आहे.

चित्रफीत

‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या साप्ताहिक कार्यक्रमात कलाकार बहुधा मुद्रित गीतावर ओठ हलवून अभिनय करीत. अनेक थरांनी बनलेल्या या गीतावर चौघांनी तसे करणे विसंगत दिसले असते. शिवाय बँडचा दौराही सुरू होणार होता. म्हणून १० नोव्हेंबर १९७५ रोजी एल्स्ट्री येथील स्टुडिओत, दौऱ्याच्या तालमीच्या ठिकाणीच, ब्रूस गावर्स यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रीकरण झाले. सुमारे चार तासांत आणि ४,५०० पौंड खर्चात ते पूर्ण झाले.

अंधारात उजळलेल्या चार चेहऱ्यांची प्रारंभीची चौकट क्वीन २ (१९७४) या अल्बमच्या मुखपृष्ठावरून घेतली आहे. ते छायाचित्र मिक रॉक यांनी काढले होते. त्यामागे अभिनेत्री मार्लेन डीट्रिच यांच्या एका छायाचित्राची प्रेरणा होती. चित्रफितीतील बहुतेक करामती चित्रीकरण चालू असतानाच साधल्या आहेत. भिंगापुढे पैलूदार काच बसवून एका चेहऱ्याचे अनेक चेहरे केले गेले. कॅमेरा त्याचेच चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे रोखल्याने प्रतिमांची लांबत जाणारी रांग तयार झाली. स्टुडिओत स्वरांवर स्वर चढवले गेले होते. येथे चेहऱ्यांवर चेहरे चढवून त्याचे दृश्य रूप साधले आहे.

या चित्रफितीस काही वेळा ‘पहिला संगीत व्हिडिओ’ म्हटले जाते. ते अचूक नाही. बीटल्सने १९६६-६७ मध्येच आपल्या गीतांसाठी असे चित्रपट तयार केले होते. कलाकार स्टुडिओत हजर नसतानाही चित्रफितीच्या बळावर गीत लोकप्रिय ठेवता येते, हे मात्र या उदाहरणातून संगीत उद्योगाला ठळकपणे दिसले. एमटीव्ही ही वाहिनी त्यानंतर सुमारे सहा वर्षांनी, १९८१ मध्ये सुरू झाली.

रंगमंचावरील सादरीकरण

तिघांच्या कंठातून असंख्य वेळा मुद्रित झालेला ऑपेराचा खंड प्रत्यक्ष मैफलीत गाणे शक्य नव्हते. पुढे बँडने त्यावर सरळ मार्ग काढला. त्या भागात कलाकार रंगमंचावरून निघून जात, प्रकाशयोजनेच्या साथीने मूळ ध्वनिफीत वाजे आणि रॉकचा भाग सुरू होताच चौघे परत येत. लाइव्ह किलर्स (१९७९) या मैफलींच्या अल्बममध्येही तो खंड मूळ ध्वनिफितीवरीलच आहे. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली येथील लाइव्ह एड कार्यक्रमात या गीताचा आरंभीचा संथ भाग तेवढा सादर झाला.

पुढील काळ

मर्क्युरी यांचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे झालेल्या आजारात निधन झाले. त्यानंतर हे गीत पुन्हा प्रकाशित होऊन ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा प्रथम क्रमांकावर पोहोचले. त्याचे उत्पन्न टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या एड्सविषयक कार्य करणाऱ्या संस्थेस देण्यात आले. अमेरिकेत १९७६ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेलेले हे गीत वेन्स वर्ल्ड या चित्रपटामुळे १९९२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. जुलै २०१९ मध्ये यूट्यूबवर या चित्रफितीने १ अब्ज दर्शनांचा टप्पा ओलांडला. १९९० पूर्वीच्या चित्रफितींपैकी तो गाठणारी ही पहिली होय. २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने या ध्वनिमुद्रणाचा जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या सूचीत समावेश केला.