नगरवार्ता आणि नागरिकांचे कर्तव्य

नळाला पाणी किती वाजता येणार, कोणत्या रस्त्याचे काम निघणार, घरपट्टी कोणत्या तारखेपर्यंत भरावयाची, मतदारयादीत नाव कोठे नोंदवावयाचे, या बातम्या वरवर पाहता किरकोळ वाटतात. दिल्ली-भोपाळच्या राजकारणावर चहाच्या दुकानात तासन्‌तास वाद घालणारा गृहस्थ स्वतःच्या वॉर्डाचा क्रमांक विचारला असता घुटमळतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. वास्तविक त्याचा रोजचा दिवस सुखाचा जाणे न जाणे या किरकोळ बातम्यांवरच अवलंबून असते. म्हणून नगरवार्ता म्हणजे काय व ती आपल्यापर्यंत कशी यावी, याचा थोडा विचार या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

बुऱ्हाणपूरकरांना सार्वजनिक कामाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. इ. स. 1615 मध्ये, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या अमदानीत, सातपुड्याच्या बाजूने झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारातून शहराकडे आणण्याची योजना झाली. तीच आपली कुंडी भंडारा किंवा खूनी भंडारा. तेथे मोट नाही, पंप नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी वाहते. भुयारावर ओळीने शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांतून आत हवा व उजेड जातो, गाळ काढता येतो आणि पाणी चालू आहे की तुंबले, हे वरून पाहता येते. मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या रचनेचे नाव आले. आम्हांस त्यातील बोध असा दिसतो की, वाहते काम अधूनमधून उघडून पाहण्याची सोय असेल तरच ते टिकते.

कारभाराचेही तसेच आहे. आपल्याच जिल्ह्याचे अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. जुलै 2022 मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातील पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. ऑगस्ट 2019 मध्ये जल जीवन मिशन सुरू झाले तेव्हा जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 37,241 घरांनाच नळ होता. पुढे ही संख्या 1,01,905 वर गेली. परंतु केवळ आकड्याने प्रमाणपत्र मिळाले नाही. 254 गावांच्या ग्रामसभांनी, घरोघर पाणी येते, असा ठराव केला तेव्हा ते मिळाले. म्हणजे खात्याने सांगितलेले काम खरोखर झाले की नाही, हे गावकऱ्यांनी सभेत बसून ठरविले.

आता शहराकडे पाहू. गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. राज्यघटनेच्या 73 व्या दुरुस्तीने ही सभा घटनेत आली. शहरांसाठी 74 वी दुरुस्ती झाली व ती 1993 मध्ये अमलात आली. तिच्यात वॉर्ड समितीची तरतूद आहे, पण तिचे बंधन तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या नगरांपुरतेच आहे. 2011 च्या जनगणनेत आपल्या शहराची वस्ती दोन लाख दहा हजारांच्या घरात होती. अर्थात खेड्यातील शेतकऱ्याला जी बैठक घटनेने दिली, तशी इतवारा, सिंधीपुरा वा लोहारमंडीतील यंत्रमाग कामगाराला तिने दिलेली नाही. त्याने आपली खबर आपणच राखली पाहिजे.

ती राखण्याची साधने मात्र आहेत. पहिले साधन मत. जुलै 2022 च्या निवडणुकीत महापौरपदाचा निकाल अवघ्या 542 मतांनी लागला. एवढी मते तर चार गल्ल्यांतच निघतील. दुसरे, 2005 चा माहितीचा अधिकार. साधा अर्ज व अल्प शुल्क भरून, आपल्या गल्लीच्या गटाराला किती रुपये मंजूर झाले हे विचारता येते व तीस दिवसांच्या आत उत्तर देणे कार्यालयास भाग आहे. तिसरे, मध्य प्रदेशाचा 2010 चा लोकसेवा हमी कायदा. त्यात नेमून दिलेली सेवा मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते, आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दर दिवशी 250 रुपये, कमाल 5,000 रुपयांपर्यंत, दंड होऊ शकतो.

भाषेची अडचणही खरी आहे. निगमचे कागद हिंदीत असतात. घरी कोणी मराठी बोलतो, कोणी उर्दू. तथापि घटनेच्या 350 व्या अनुच्छेदाने संघाच्या वा राज्याच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा हक्क दिला आहे. आपल्या शाही जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. सोळाव्या शतकात फारुकी राजाला जे सुचले, ते आपल्याला आज अवघड का वाटावे?

धर्मादाय संस्थांनी अन्नदान, औषधपाणी व शिष्यवृत्त्या दिल्या, हे पुण्यकर्म आहेच. आमची एवढीच विनंती की, त्यांत आणखी एका लहानशा दानाची भर घालावी. प्रत्येक मुहल्ल्यात, मशिदीजवळ, मंदिराजवळ किंवा वाचनालयाच्या दारात, एक काळा फळा असावा. त्यावर दर आठवड्याला वॉर्डाचा क्रमांक, पार्षदाचे नाव, पाण्याची वेळ, कराची मुदत व चालू कामाची रक्कम मराठी, हिंदी व उर्दू या तिन्ही भाषांत लिहावी. वरच्या वर्गातील मुलांकडून हे काम आनंदाने होईल. त्यांचे अक्षर सुधारेल आणि नागरिकशास्त्राचा धडा पुस्तकातून गल्लीत उतरेल. खर्च म्हणाल तर खडूच्या पेटीचा. एवढे झाले, तर निगमचे पुढचे काम निघेल तेव्हा त्याचा हिशेब विचारणारे चार शेजारी प्रत्येक गल्लीत आढळतील.