वेताळाची अट

चतुर्थीला आमच्या राजूरच्या वाटा राजुरेश्वराच्या भाविकांनी फुलून जातात. लहानपणी अशाच एका चतुर्थीला, जुनी पुस्तकं मांडून बसलेल्या एका माणसाकडून अब्बांनी मला 'चांदोबा'चा अंक घेऊन दिला. मुखपृष्ठ गेलेलं होतं; पण आत खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम राजा होता. त्या रात्री अंगणात जायची हिंमत झाली नाही. अम्मीनं विचारलं, "जिन्न है क्या वो?" मी म्हणालो, "नाही गं, वेताळ."

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. राजानं न बोलता झाडावरचं प्रेत स्मशानात न्यायचं. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मौन मोडेल आणि मी झाडावर परत जाईन. राजा बोलतो, वेताळ उडतो आणि राजा पुन्हा झाडाकडे वळतो.

पुढे बी.ए. करताना कळलं की हा राजा आपल्याच मुलखातला. काश्मीरच्या सोमदेवानं ११व्या शतकात 'कथासरित्सागर' रचला, त्यात वेताळाच्या २५ कथा आहेत. त्यातला राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. मराठी 'चांदोबा' १९५२ पासून मद्रासहून निघू लागला. विक्रम-वेताळाचं ते चित्र काढणारे शंकर २०२० साली गेले. मासिकही आता निघत नाही. पैठणचा राजा असा काश्मीर आणि मद्रास फिरून राजूरला माझ्या हाती आला होता.

या गोष्टीनं मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की खरं बोलण्याची किंमत असते. राजाला प्रत्येक खऱ्या उत्तरापायी एक खेप जास्त पडते. आपण मात्र खेप वाचवतो. मीही वाचवली. नोकरीत असताना एकदा हिशेबात पैसे कमी आले. चूक वरच्या माणसाच्या बेरजेत होती, मला ती दिसली होती. पण आळ शिपायावर आला. मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही." त्याच्या पगारातून पैसे कापले गेले. माझ्या डोक्याची शकलं झाली नाहीत. पण त्यानंतर कितीतरी दिवस कवितेची एक ओळ सुचली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, माहीत नसताना गप्प राहण्यात कमीपणा नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राजाला येत नाही, तो मुकाट चालत राहतो, आणि वेताळ प्रसन्न होतो तो त्याच वेळी. आपलं नेमकं उलटं असतं. ठाऊक नसेल तिथं तावातावानं बोलतो, ठाऊक असेल तिथं खाली पाहतो.

आणि तिसरी. रोज फळात रत्न दडवून आणणारा भिक्षूच राजाचा बळी द्यायला टपलेला होता. ज्याची भीती वाटत होती, त्या वेताळानंच राजाला सावध केलं. माणूस ओळखायचा तर वेषावरून नाही, हे मला तिथं कळलं.

निवृत्तीच्या आसपास तो शिपाई मला जालन्याच्या एसटी स्टँडवर भेटला. त्यानंच चहा मागवला. मी धीर करून सगळं सांगितलं. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "साहेब, मला तेव्हाच ठाऊक होतं. तुम्ही कधी सांगता, तेवढंच बघत होतो."

माझी खेप फार उशिरा झाली. तुमच्या खांद्यावर एखादा प्रश्न बसला असेल आणि उत्तर येत असेल, तर बोला. झाडापर्यंत पुन्हा चालावं लागेल, एवढंच.