जुन्या संगणकाची पारख

रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर देशातील बँकशाखांमध्ये खातेवह्यांच्या शेजारी संगणक येऊन बसले. पुढे ते निर्लेखित झाले आणि वजनावर भंगारात गेले. आज त्याच पिढीतील एखादे यंत्र संग्रही असावे, असे वाटणारे रसिक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून चेन्नईच्या रिची स्ट्रीटपर्यंत चौकशी करताना आढळतात. मात्र हौसेला पारखीची जोड नसेल, तर पैसे आणि यंत्र दोन्ही हातचे जाण्याची शक्यता असते.

उदाहरण आयबीएमच्या 'पर्सनल कॉम्प्युटर'चे घेऊ. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेले हे यंत्र, म्हणजे मॉडेल ५१५०, आणि मार्च १९८३ मधील 'एक्सटी', म्हणजे ५१६०, समोरून सख्खी भावंडे दिसतात. फरक मागील बाजूस आहे. ५१५० ला दोन गोल खोबणी असतात, एक कळफलकासाठी व दुसरी चक्क कॅसेट रेकॉर्डरसाठी! एक्सटीला कळफलकाची एकच असते. झाकण उघडल्यावर पहिल्यात कार्डांच्या पाच जागा दिसतात, दुसऱ्यात आठ. ५१५० च्या मदरबोर्डावर '१६-६४ केबी' असे छापलेले असेल, तर तो आरंभीचा. '६४-२५६ केबी' असेल, तर नंतरचा.

भारतात आणखी एक पेच आहे. आयबीएमने १९७८ मध्ये येथील व्यवसाय आवरला होता. त्यामुळे त्या काळात कार्यालयांतून प्रामुख्याने दिसत ते आयबीएमच्या धर्तीवर बनविलेले संच. त्यांनाही स्वतःचा इतिहास आहे. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण नक्कल अस्सलच्या भावात घेऊ नये. नावाची पाटी एका पेटीवरून काढून दुसरीवर चिकटविणे अवघड नसते. खात्रीची कसोटी अशी : फ्लॉपी किंवा हार्ड डिस्क न जोडता यंत्र सुरू करावे. अस्सल यंत्र आपल्या रॉममधील बेसिक भाषा पडद्यावर आणते. नकलेच्या रॉममध्ये ती सहसा नसते.

परंतु 'सुरू करावे' हे दोन शब्द लिहिण्याइतके सोपे नाहीत. अमेरिकेतून आलेल्या ५१५० चा वीजपुरवठा १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या खोबणीत तो थेट लावला, तर जळण्याचाच संभव अधिक. योग्य ट्रान्सफॉर्मर हवाच. शिवाय बोर्डावरील टँटलम कपॅसिटर वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर शॉर्ट होतात, क्वचित फटाक्यासारखे फुटतात. म्हणून आधी सर्व कार्डे काढून मीटरने तपासणी करावी. विक्रेता घाई करीत असेल, तर यंत्र 'बंद' समजूनच भाव ठरवावा.

हार्ड डिस्क असल्यास एक गोष्ट बँकेच्या दृष्टीने महत्त्वाची. कार्यालयातून आलेल्या डिस्कवर कोणाची तरी नावे, पत्ते, येणी-देणी अजून शाबूत असू शकतात. ती वाचण्याचा मोह टाळून मूळ कार्यालयाचा ठाव लागत असेल तर त्याला कळवावे, अन्यथा डिस्क पूर्णपणे पुसून टाकावी. जुनी डिस्क विकणाऱ्यानेही हे काम भंगारवाल्यावर सोडू नये.